बावीस टक्के जिवंत

"बहात्तर चुकीचं आहे," डॉ. वामन केळसकर म्हणाले. रजिस्टर त्यांनी उघडलंही नव्हतं. "बावीस असणार. पुन्हा मोजा."

अफशा मुकादमने मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं. शिरवण्याच्या एमआयडीसीतल्या त्या प्रयोगशाळेत पेशी मोजण्याचं काम तिचं, आणि केळसकर तिथले संचालक. त्यांच्या मागे प्रीतमशेठ उभे होते. पांढरा सफारी, पांढरे बूट. रंग बनवायची पिवळी पावडर त्यांच्या कारखान्यातली. ती पेशींवर घालून आतली गुणसूत्रं तुटतात का, एवढंच पाहायचं होतं. पहिल्या चाचणीत तुटली होती. शंभरातल्या चौदा पेशींत. म्हणून केळसकरांनी दुसरी लावायला सांगितली होती.

"शेठ, नियम साधा आहे," केळसकर वळून म्हणाले. "पेशी ढिगानं मरत असतील तर मरता मरता त्यांचं काहीही तुटतं. ते कुणी धरत नाही. पण शंभरातल्या बहात्तर जिवंत आणि तरी तुटतंय, असं कागदावर गेलं की तुमची पावडर अडकली."

"मग बावीस लिवा ना. सातचा दोन करायचा. त्याला काय डॉक्टर लागतो?"

केळसकर हसले. अशा वेळी हसायचं असतं, हे त्यांना डॉक्टरेटच्या आधीपासून ठाऊक होतं.

"माझ्याकडं चाळीस बाया गोनी भरतात," शेठ अफशाला म्हणाले. "एक पन मेली नाय."

"मरायचं कोण म्हणतंय?" अफशा म्हणाली. "मेलेली पेशी संपते, शेठ. तुटलेली जगते. आणि वाढते, गाठ होईपर्यंत."

केबल गेल्यावर टीव्हीकडे बघावं तसं शेठनी तिच्याकडे बघितलं.

"मिस मुकादम, भाषण नको. सरका," केळसकर म्हणाले. "मी स्वतः मोजतो."

ती सरकली. ते स्टुलावर बसले. चष्मा काढावा की ठेवावा, इथूनच सुरुवात झाली. मेलेली पेशी निळा रंग पिते, जिवंत पेशी तो आत येऊ देत नाही. निळ्या वेगळ्या मोजायच्या, बिनरंगी वेगळ्या, चौकोनामागून चौकोन. दहा मिनिटांचं काम. केळसकरांनी ते चाळीस सेकंदांत उरकलं. फोकसच्या चाकाला हातही लागला नाही.

"बावीस," ते म्हणाले. "म्हटलं नव्हतं? निळंच निळं आहे. सरसकट मेल्यात."

"नक्की, सर?"

"तीस वर्षं हेच करतोय मी."

"ही पावडर न घातलेली काच आहे," अफशा म्हणाली. "तुलनेसाठी वेगळ्या ठेवलेल्या पेशी. यांना पावडरीचा वाससुद्धा लागलेला नाही."

केळसकरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पहिलं तोंड उघडलं ते प्रीतमशेठनी, आणि ते खूश होते.

"म्हंजे पावडर न घालताच मेल्या? मग तर सुटलो की! आमच्या मालाचा काय दोष?"

केळसकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. हळूहळू त्यांचा चेहरा सैलावला.

"तसंही मांडता येईल," ते म्हणाले. "पेशींचा लॉटच खराब निघाला. दोन्ही चाचण्या रद्द. लिहा, मिस मुकादम. आणि मोजणाऱ्याच्या जागी सही करा."

अफशाने रजिस्टर उघडलं. पान काढलं, वर काचेचा नंबर घातला आणि पुढचा रकाना मोकळा सोडला. मग रजिस्टर फिरवून केळसकरांसमोर ठेवलं. पेनचं टोपण काढून पेन त्यावर आडवं ठेवलं.

"आकडा तुम्हीच लिहा, सर. सहीही तुमचीच. या पेशी तुम्ही मारल्यात."

ती अ‍ॅप्रनची बटणं सोडू लागली. तिला वाटलं, आता ते ओरडतील, निदान रजिस्टर तरी मिटतील.

केळसकरांनी पेन उचललं.

"तारीख आजचीच घालू ना?" त्यांनी विचारलं, प्रीतमशेठना.