शेवटचा जोड

पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या खिडकीला नंदकिशोरने स्वतः वेल्डिंग करून लोखंडी जाळी बसवली होती. त्याच खोलीत गेल्या महिन्यात त्याची बायको पद्मा गेली. मुलगी इरा कॉलेजसाठी युरोपातल्या जुन्या लोकसमजुतींवर वाचत होती. “बाबा, तिकडेही आपल्यासारखंच. आत्म्याला लोखंड ओलांडता येत नाही म्हणे. माणूस गेला की खिडकी उघडून द्यायचे.” चहा तसाच ठेवून त्याने लोखंड कापायचा ग्राइंडर आणला. “अहो बाबा, समजूत आहे ती!” “असू दे. पिंजरा केलात घराचा, असं ती कायम म्हणायची. आता तरी सुटू दे तिला.” ठिणग्या उडाल्या. जाळीचा एकेक जोड तुटत गेला. शेवटच्या जोडापाशी मात्र त्याचा हात थांबला. हा तुटला की पद्मा खरंच जाणार. “एकच राहिलाय, बाबा.” त्याने ग्राइंडर बंद केला, खिडकी घट्ट लावली. “राहू दे तिला.”