झाकली मूठ

तेंगानने खड्ड्यावरची शेवटची पट्टी ठोकून बसवली आणि मुलाला हाक मारली. "दाबुओ, ये, बस. आजपासून सुरुवात."

ग्यील शिकायचं ते असंच. आधी जमिनीत हातभर खड्डा आणि त्यावर लाकडी पट्ट्या. हात बसला की मग खरं वाद्य, खाली भोपळे लावलेलं. तेंगानचं स्वतःचं ग्यील मागे ओट्यावर होतं. ते वाजल्याशिवाय आमच्याकडे मयताला कुणी रडायलासुद्धा बसत नाही. पाच गावांत तेंगानसारखा हात नव्हता, आणि आपल्यामागे कोण, हा घोर त्याला दाबुओ जन्मायच्या आधीपासून होता.

सात वर्षांच्या दाबुओने काठ्या हातात घेतल्या. लक्ष भिंतीवरच्या सरड्याकडे.

शेजारी त्याची बहीण आयुओ बसली होती, नऊ वर्षांची. बापाने सकाळीच तिला लोखंडी चिपळ्या दिल्या होत्या, नाचात बायका बोटांत घालून वाजवतात त्या. "हे तुझं वाद्य," असं सांगून तो मोकळा झाला होता.

तेंगानने चार ठोके वाजवून दाखवले. दाबुओने तीन वाजवले.

"पुन्हा."

पुन्हा तीनच, आणि तेही भलतीकडे.

"चौथी पट्टी," आयुओ म्हणाली.

"तुला विचारलं कुणी?" बाप खेकसला.

दाबुओने पाचवीवर मारलं. "चौथी रे, ढब्ब्या!" आयुओने त्याच्या हातातल्या काठ्या ओढून घेतल्या आणि सगळी ओळ वाजवली. बापाने अजून दाखवली नव्हती ती पुढचीसुद्धा.

चुलीपाशी ज्वारीची दारू गाळत बसलेल्या म्हातारीचा हात थांबला. ती तेंगानची आई.

"हे कुणी शिकवलं?" तेंगानने विचारलं.

"कुणी नाही. भोपळ्यांच्या भोकांवर कोळ्याच्या घरट्याचा पापुद्रा मीच चिकटवते ना, बाबा. चिकटवला की आवाज नीट येतो का ते वाजवून बघावं लागतं." दोन वर्षं ती हे करत होती. तेंगानने कधी विचार केला नव्हता. "मला ग्यील शिकव. चिपळ्या दाबुओला दे."

"मला चालेल," दाबुओ म्हणाला.

बायका ग्यील वाजवत नाहीत, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पोरीचा चेहरा बघून तेंगानच्या तोंडून ते निघेना. म्हणून त्याने ते देवावर ढकललं.

"हे आपल्या हातात नसतं, पोरी. ज्याला ग्यील वाजवायचं तो मुठी मिटूनच जन्मतो, काठ्या धरल्यासारख्या. ह्या दोन बोटांत काठीपुरती फट. दाबुओच्या तशा होत्या, माझ्या तशा होत्या. तुझे हात उघडे होते. विचार आजीला."

विचारायचं तर आजीलाच, कारण गावातली सगळी बाळंतपणं तिनेच केली होती. आयुओने तिच्याकडे पाहिलं. बोटांतल्या चिपळ्या ती एकेक करून काढत होती आणि ओठ दाबून रडू आवरत होती.

"तुझे उघडे होते, खरं आहे," म्हातारी म्हणाली.

"बघ," तेंगान म्हणाला.

"दाबुओचे मिटलेले होते, तेही खरं. अरे, बहुतेक सगळी पोरं मुठी मिटूनच येतात. शेजारच्या बोकडचोराच्याही मिटलेल्याच होत्या. उघड्या हातांचं एखादंच."

"पण मी..."

"तू उघड्या हातांचा."

तेंगान तिच्याकडे वळला. "तूच सगळ्यांना सांगितलंस ना, की मुठी होत्या?"

"चार मुलींवर तू झालास. तुझा बाप दारात उभा. 'मुठी?' म्हणाला. मी जगले का मेले, तेसुद्धा विचारलं नाही त्याने. मी म्हटलं, मिटलेल्या."

"मग?"

"मग काय? त्याने खड्डा खणला, रोज तुझ्यावर ओरडला, तू शिकलास." तिने दारूचं गाळणं पिळलं. "चाळीस वर्षं झाकली मूठ होती. बरं चाललं होतं की."

दाबुओ केव्हाच सरड्यामागे पळाला होता. तेंगान त्याच्या जागी बसला. त्याने काठ्या उचलल्या आणि तीच ओळ वाजवायला घेतली. दर मयताला वाजवलेली, झोपेतही न चुकणारी. तीन ठोके नीट पडले. चौथ्याला हात पाचव्या पट्टीवर गेला.



"चौथी, बाबा," आयुओ हळूच म्हणाली.

 तेंगान बाजूला सरकला आणि त्याने काठ्या तिच्यापुढे धरल्या. चिपळ्या मुठीत घट्ट पकडून आयुओ तशीच बसली होती.

"हात उघड," तो म्हणाला.