विचारायचं नाही

उराबे गुरुजींनी घसा खाकरला आणि तोकुजीने भांडं त्यांच्या हनुवटीखाली धरलं. पिवळट, चिकट बेडका सुटून भांड्यात पडायला बराच वेळ लागला. तोकुजीच्या पोटात ढवळून आलं. चेहरा त्याने हलू दिला नाही, पण गुरुजी त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्यांच्या लक्षात आलंच असणार.

आजही नापास, असं तोकुजीला वाटलं.

जपानातल्या कुमा नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, ही जुजुत्सूची, म्हणजे तिथल्या कुस्तीची, तालीम होती. या घराण्याची शेवटची पकड आता एकट्या उराबे गुरुजींकडे उरली होती. ती कोणीच पाहिलेली नव्हती. तिच्यापायी तोकुजीने कुमामोतोच्या पोलिसातली नोकरी सोडली, ठरलेलं लग्न मोडलं आणि इथे येऊन दाराबाहेर थंडीत बसून राहिला. गुरुजी दारात येऊन म्हणाले, "मी शिकवत नाही. घरी जा." असं कुठलाही खरा गुरू म्हणतोच. तोकुजी हलला नाही. शेवटी गुरुजींची बहीण किवाताई बाहेर आली आणि तिने त्याच्या हातात ओलं फडकं ठेवलं. "बसलाच आहेस, तर आतली जमीन तरी पूस."

तेव्हापासून तो पुसत होता. कंबरेत वाकून, दोन्ही हातांनी फडकं दाबत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग संडास. मग मासळी, कारण गुरुजींना आयु माशाची खारवलेली आतडी भाताबरोबर रोज लागत. ती काळपट लिबलिबीत घाण बोटांनी बरणीत दाबून भरायची. तो वास नखांतून कधी गेलाच नाही. स्वतःच्या हाताने घास घ्यायचीही त्याला किळस यायची.

तालमीचा नियम एकच होता. विचारायचं नाही. गुरू कधी, कुठल्या हालचालीत काय दाखवून जाईल याचा नेम नसतो, म्हणून डोळे उघडे ठेवायचे आणि तोंड बंद. तोकुजी गुरुजींचं उठणं, बसणं, चहाचा पेला धरणं बघत राही. गुरुजीही त्याला बघत. जमीन पुसताना त्यांची नजर त्याला पाठीवर जाणवायची. ती जाणवली की तो आणखी जोर लावायचा.

एकदा फुकुओकाहून एक दांडगा गडी आला. एक डाव होऊन जाऊ द्या, म्हणाला. गुरुजी पायाची नखं काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. अंगठ्याचं जाडजूड पिवळं नख कातरलं, ते उडून पाहुण्याच्या गुडघ्यावर पडलं. पाहुणा बराच वेळ त्या नखाकडे बघत राहिला. मग त्याने कपाळ जमिनीला टेकवलं आणि उठला.

"केवढं स्थिर मन," जाताना तो दारात तोकुजीला म्हणाला. तोकुजीने मान डोलावली आणि आत जाऊन ते नख उचललं.

शिकायला पोरं यायची आणि पळायची. त्यातल्या एकाने मासळी साफ करता करता विचारलं, "दादा, इथे शिकवतात तरी कधी?"

"तुला ओकारी येते ना अजून?"

"येते की."

"मग कसं शिकवतील? मन धुऊन निघाल्याशिवाय हाताला काही मिळत नाही."

"तुमची गेली ओकारी?"

तोकुजीने पुढचा मासा उचलून त्याचं पोट चिरलं. पोरगं दुपारच्या बसने निघून गेलं. असल्या लेच्यापेच्या पोरांचा त्याला तिटकारा होता, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त स्वतःचा. इतकी वर्षं झाली, गुडघे गेले, तरी पोट ढवळायचं थांबत नव्हतं.

किवाताई त्याला टोचायची. "पोलिसात राहिला असतास तर एव्हाना फौजदार झाला असतास."

"मला पकड हवी आहे, ताई."

"हवी आहे ना? मग आधी तुझ्या गुरुजींचा लंगोट धर. भरलाय."

हिवाळ्यात गुरुजी अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी किवाताईला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. तोकुजीची झोप उडाली. गुरुजी गेले की पकडही गेली आणि आपलं सगळं आयुष्य त्या फडक्याबरोबर मोरीत.

एके दुपारी भात भरवताना गुरुजींना ठसका लागला. डोळे पांढरे झाले. तोकुजीने दोन बोटं त्यांच्या तोंडात घातली आणि अर्धवट चघळलेली आतडी, भात, लाळ असं सगळं खरवडून तळहातावर काढलं. कोमट होतं. तो ओकारीची वाट बघत राहिला. ती आली नाही. त्याने मान वर केली तेव्हा गुरुजी त्याच्याकडेच बघत होते.

"किवा, तू बाहेर जा," गुरुजी उशाशी बसलेल्या बहिणीला म्हणाले. "दार ओढून घे."

तोकुजी हात पुसून ताठ बसला. गुरुजींनी हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं. तोकुजी त्यांचं एकेक बोट निरखत होता. त्यांत जोर असा काही नव्हता.

शेवटी त्याने नियम मोडला. "गुरुजी, ती पकड."

"मला कुठे येते?" गुरुजी म्हणाले. "माझे गुरू, थोरले गुरुजी, अचानक गेले. तोवर मी नुसती त्यांची सेवा केली होती. ते गेल्यावर गाव मलाच गुरुजी म्हणायला लागलं, मी नाही म्हटलं नाही."

"मग मला ठेवून कशाला घेतलंत?"

"तू पोलिसातला. दाराबाहेर काय ताठ बसला होतास. म्हटलं, पोलिसात पकडी शिकवतात, याला ती येत असणार. कधीतरी याच्या हातून निघेल, आपण बघून उचलू. विचारायचं तर नसतं, म्हणून तेव्हापासून तुझ्याकडेच बघतोय." गुरुजींनी त्याचं मनगट सोडलं. त्यांचं तोंड किळस आल्यासारखं वाकडं झालं. "आणि तू मेल्या, नुसती जमीनच पुसत बसलास."