हलव्याला काटा

लेकराची पहिली संक्रांत होती, आणि त्याचे हलव्याचे दागिने मी घरीच करायचे ठरवले होते! सासूबाई लेकीकडे सेनगावला गेल्या होत्या, म्हणून घरातली कृती त्यांनी फोनवरच सांगितली. मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, तिळावर थोडा थोडा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं.

“आन् समोर एक रिकामा पाट मांड,” त्या म्हणाल्या. “आपल्या घरात त्याच्याबिगर काटा येत न्हाई. पहिली चिमूट पाटावर ठेवायची, मंगच आपण खायचं.”

लेकरू आतल्या खोलीत झोळीत निजलं होतं. मी सकाळभर हलवत बसले, पण तीळ गुळगुळीतच राहिले. बोटं पोळली, रडू यायला लागलं. मग आठवलं, पाट राहिलाच की!

तो मांडला, आणि पुढच्याच चमचाभर पाकात दाण्यादाण्याला पांढरेशुभ्र काटे फुटले. मी आनंदाने ओरडलेच. एक चिमूट तोंडात टाकली आणि सासूबाईंना फोन लावला.

“आत्या, काटा आला! लई सुंदर आलाय!”

“बाई गं! उचल मंग आता पाट.”

मी एका हाताने पाट ओढला. तो हलला नाही. हसत हसत दोन्ही हातांनी ओढला, तरी जागचा हलेना.

“निघंना की हो, आत्या.”

त्यांनी हळूच विचारलं, “प्रियंका, पहिली चिमूट पाटावर ठेवलीस न्हवं?”

माझ्या जिभेवर साखर अजून विरघळत होती.

तेवढ्यात पाट अलगद माझ्या हातात आला, आणि आतल्या खोलीत झोळी करकरत झोके घेऊ लागली.