आणखी एक काप

"साफ आहे," सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढता डॉक्टरबाई म्हणाल्या.

तंत्रज्ञाच्या जिवात जीव आला. वरच्या मजल्यावर पोट उघडून सर्जन खोळंबले होते. जठराशेजारची वाटाण्याएवढी लसग्रंथी काढून त्यांनी खाली पाठवली होती. ती गोठवायची, केसाहून पातळ काप काढायचा, रंगवायचा आणि वीस मिनिटांत निकाल कळवायचा. कॅन्सर तिथवर पोचला नसेल तर निम्मं जठर वाचणार होतं. पोचला असेल तर सगळंच काढावं लागणार होतं.

आणि ऑपरेशनच्या टेबलावर तंत्रज्ञाचे भावोजी होते. काम दुसऱ्या कुणाकडे द्या, असं डॉक्टरबाईंनी सकाळीच सुचवलं होतं, पण ऐकेल तर तो कसला. भावोजींचा खाण्यावर भारी जीव. "मेहुण्या, निम्मं तरी राखून ठेव रे," असं ते काल हसत हसत म्हणाले, तेव्हा ताईने तोंड फिरवलं होतं.

डॉक्टरबाईंनी फोनवर हात ठेवला, पण उचलला नाही. निकाल साफ आला की हा गृहस्थ हमखास म्हणायचा, "अजून एक काढतो, जरा खोलातून." गेली पंधरा वर्षं त्यात खंड नव्हता. सगळा विभाग त्याला 'अजून एक' म्हणूनच चिडवायचा. आज मात्र तो काप काढायच्या यंत्राचं पातं काढून पुसत उभा होता.

"आज काही म्हणाला नाहीत," त्या म्हणाल्या.

"साफ आहे ना, बाई? मग कळवून टाका."

त्या नुसत्या बघत राहिल्या. त्याची मान खाली गेली. त्याने पातं परत बसवलं.

खोलातल्या कापात, अगदी कडेला, कॅन्सरच्या पेशींचा पुंजका सापडला. डॉक्टरबाईंनी फोन केला. जठर गेलं आणि आसपासच्या सगळ्या ग्रंथीही गेल्या.

दुपारी ताई बाहेरच्या बाकावर बसली होती. सर्जनांनी तिला सगळं सांगितलं होतं.

"तुझ्यामुळे वेळेत सापडलं म्हणाले," ती म्हणाली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्यामुळे नाही, ताई. पहिला काप साफ आला आणि मी गप्प बसलो. बाईंनी अडवलं नसतं तर तेवढ्यावरच सोडून दिलं असतं मी."

 ताईने सरकून त्याला बसायला जागा केली.

"मी तिथे असते तर दुसरा काप काढूच दिला नसता," ती म्हणाली.