सूरवाल्यांची शिफारस

रेकॉर्ड फिरू लागली, सुई टेकली आणि सूरवाल्यांनी डोळे मिटले. खोलीत चिडीचूप.

आवाज येतच नव्हता. मेकॅनिकच्या लगेच लक्षात आलं. मघाशी धूळ झटकायला त्यानं ॲम्प्लिफायर पुढे ओढला होता, तेव्हाच मागची वायर निसटली असणार. जीभ चावत तो उठला. "थांबा काका, माझीच चूक..."

"ऐका," सूरवाले म्हणाले. त्यांचं बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. "ड्रमवाला नुसता ब्रश फिरवतोय. काठीला हात लावत नाही. अख्ख्या बाजूत एकदाही नाही."

मास्तर हसले. रेकॉर्डच्या दुकानामागच्या या खोलीत दर शनिवारी दुपारी जॅझचे चार वेडे जमत. एकेकानं एक अल्बम आणायचा, त्याची एक बाजू ऐकवायची. सगळ्यांना पटला तर दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, बाहेरच्या फळ्यावर त्याचं नाव लिहीत. सूरवाल्यांनी सुचवलेलं असेल तर नावाखाली रेघ. चाळीस वर्षं त्यांनी पियानोच्या तारा सुरात लावल्या होत्या. ती रेघ दिसली की अनोळखी गिऱ्हाईकसुद्धा दुसरं काही विचारत नसे.

हल्ली मात्र कुरबूर होती. वर्षभर काका स्वतःच्याच कपाटातल्या जुन्या रेकॉर्डी आणत होते. नवं काही हातात दिलं की "घरी नेऊन ऐकतो" म्हणत आणि पुढच्या शनिवारी विषय बदलत. गेल्याच आठवड्यात मेकॅनिक वहिनींना म्हणाला होता, "म्हातारा जुन्यातच रुतून बसलाय."

"काका, आमची फिरकी घेताय," मास्तर म्हणाले.

"हं. आला डबल बास," सूरवाले म्हणाले. "कसा आलाय बघा, चोरपावलांनी."

नर्स फिसकन हसली. या बैठकीत ती नवीन, तिसऱ्यांदाच आलेली. तिचं हसू मध्येच तुटलं. सूरवाल्यांच्या डाव्या मुठीतून कातडीच्या रंगाचं काहीतरी डोकावत होतं. तिनं आपल्या कानाला हात लावला आणि दोन बोटं वर केली. दोन्ही.

मेकॅनिकला आधी कळेना. मग कळलं, काकांनी दोन्ही कानांची श्रवणयंत्रं काढून मुठीत धरली होती. वीस वर्षं या माणसाला विचारून त्यानं इथले स्पीकर जुळवले होते. मागच्याच महिन्यात "खर्ज बरा आहे ना?" विचारलं, तेव्हा काकांनी हसून मान डोलावली होती.

वहिनी हातात खडू धरून थिजल्या होत्या. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, लाव.

तो ॲम्प्लिफायरच्या कपाटामागे शिरला. दोनदा प्रयत्न केला, पिन जागेवर बसेना.

"आता," सूरवाले पुटपुटले. बोट वर गेलं. "आता येईल ट्रम्पेट."

पिन बसली. ब्रश, बास आणि काकांचा हलणारा पाय, तिन्ही एकाच ठोक्यावर होते. मग बोट खाली आलं आणि ट्रम्पेटचा पहिला सूर फुटला.

मेकॅनिकच्या अंगावर सरसरून काटा आला. तो तिथंच, वायरींच्या गुंत्यात, बसून राहिला. उरलेली बाजू कोणीच ऐकली नाही. सगळे काकांकडे बघत होते.

सुई उचलली गेली. सूरवाल्यांनी डोळे उघडले, केस मागे सारल्यासारखं करत एकेक हात कानामागे नेला आणि विचारलं, "कशी वाटली?"

त्यांनी एकेक चेहरा पाहिला. मग कपाटामागून अर्धवट बाहेर आलेला मेकॅनिक पाहिला.

"कुठपासून बंद होतं?"

"सुरुवातीपासून, काका."

सूरवाल्यांनी कानामागच्या यंत्राला बोट लावलं. मग म्हणाले, "यंत्र लावलं की माणसांचं बोलणं कळतं. पण वाद्यं म्हणजे पत्र्यावर खडे ओतल्यासारखी. म्हणून काढून ठेवतो. ज्या रेकॉर्डी पाठ आहेत, त्या वाजतात आतल्या आत."

"मग इथं येता कशाला?" मास्तरांच्या तोंडून निसटलं. निसटल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"घरी रेकॉर्ड लावली की मुलगी येऊन बंद करते. म्हणते, बाबा, कोणासाठी चालू ठेवलीय?"

रस्त्यावरून एक गाडी गेली. खिडकीची काच थरथरली.

"वहिनी, माझ्या रेघा पुसून टाका."

"का म्हणून?" वहिनी एकदम उसळल्या. "त्या रेकॉर्डी वाईट झाल्या का काल-परवात?"

नर्सनं पिशवीतून एक नवाकोरा अल्बम काढला आणि सूरवाल्यांच्या मांडीवर ठेवला. "महिनाभर रोज ऐकतेय मी हा. तुम्हाला विचारायचं होतं, फळ्यावर लिहिण्यासारखा आहे का."

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा मला नाही येत."

"माहीत आहे."

अल्बम तिच्या हातात देत ते म्हणाले, "लावा. फक्त माझ्याकडे तोंड करून बसा. सगळे."

खुर्च्या सरकल्या. या वेळी सूरवाल्यांनी यंत्रं सगळ्यांदेखत काढली आणि टेबलावर ठेवली. डोळे मिटले नाहीत. नुसता पियानो सुरू झाला. कुठं बघावं ते कोणालाच कळेना. थोडा वेळ सगळे अवघडून बसले, मग हळूहळू ऐकू लागले.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. वहिनींनी पदर गच्च धरला. मेकॅनिक खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच थांबला.

सूरवाले खुर्चीच्या टोकावर आले.

"काय झालं?" त्यांनी ओरडून विचारलं. एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर त्यांची नजर धावत होती. "सांगा ना, आत्ता काय झालं?"