मुगवड्यांचं बोलावणं

माझी सून मंजुषा बाभुळगावात घरच्या मुगवड्या विकते. इन्स्टाग्रामवर तिला हजारो लोक पाहतात, पण तिच्या वेबसाइटवर कोणी फिरकत नव्हतं. “आजही कोणी आलं नाही तर धंदा बंद, आई,” ती म्हणाली. “बोलावलं काय कोणाले?” “रोज लिंक देऊन राह्यली ना!” “लिंक म्हणजे नुसता पत्ता. पत्ता पाहून कोणी जेवाले येते काय?” माझ्या लहानपणी लग्नाच्या अक्षता घेऊन बाया घरोघरी जायच्या, तेव्हा माणसं निघायची. मी फोनसमोर बसले. “आमच्या मंजूच्या वेबसाइटवर साऱ्यांनी या. लेकराबाळांसकट या. नाही आले तर मले राग येईन.” मंजूनं हसत व्हिडिओ टाकला. संध्याकाळी, वेबसाइटवर कोण कुठून आलं ते दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या नकाशात मारेगावला ठिपका उजळला, मग पुण्याला, मग समुद्रापलीकडे. नंतर ठिपकेच ठिपके. “आई, सारे आपल्या वेबसाइटवर आले!” मी लगबगीनं डोक्यावर पदर घेतला.